रात्री वाचता येईल असा बोर्ड

कारंजा तालुक्यातल्या धनजसारख्या गावात संध्याकाळी सातनंतर कोणतं दुकान उघडं आहे हे लांबून कळायला एकच खूण उरते, पेटलेला बोर्ड. कृषी सेवा केंद्र, मेडिकल, मोबाईलचं दुकान, रस्त्यावरचा ढाबा, सगळीकडे आता आतून उजेड असलेले ग्लो साइन बोर्ड दिसतात. त्यातले बरेच नुसते पेटतात, वाचता येत नाहीत. मधोमध पांढरा लोळ आणि कडेला अंधार. मालकाचा फोटो धुवून काढल्यासारखा फिकट. फोन नंबरातला अंक १ आहे की ९, ते जवळ जाऊन पाहावं लागतं. साध्या फ्लेक्सपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजून असा बोर्ड पदरात पडतो, तेव्हा दोष छपाईवाल्याला दिला जातो. कधी तो खराही असतो. पण बहुतेक वेळा काम उलट्या टोकाने सुरू झालेलं असतं: आधी डिझाईन, मग छपाई, मग पेटी, आणि सगळ्यात शेवटी वेल्डिंगवाला विचारतो, "आत लाईट किती टाकू, भाऊ?"

हा क्रम उलटा करा. वाचणारा कुठे असेल ते आधी ठरवा, त्यावरून अक्षर, अक्षरावरून पेटी, पेटीवरून दिवे, आणि मग छपाई. पुढचं सगळं कारंजा तालुक्यातल्या एखाद्या छोट्या दुकानाचा १० फूट बाय ३ फूट बोर्ड डोळ्यापुढे ठेवून लिहिलं आहे. मोठ्या बोर्डाला आकडे बदलतील, रीत बदलणार नाही.

वाचणारा किती लांब

बोर्ड लावणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा, की एक इंच उंचीचं अक्षर १० फुटांवरून आरामात वाचता येतं आणि २५ ते ३० फुटांवरून ताण देऊन. बाजारातल्या दुकानासमोर माणूस चालत किंवा सायकलवर असतो, ४०-५० फुटांवरून वाचतो. त्याला पाच इंचांचं अक्षर पुष्कळ झालं. ढाब्याचा हिशेब निराळा. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. नाव वाचून, थांबायचं ठरवून, ब्रेकवर पाय ठेवायला चार सेकंद धरले तर चालकाला बोर्ड ९० मीटरवरून, म्हणजे जवळजवळ ३०० फुटांवरून वाचता यायला हवा. ताण देऊन वाचायचं गणित लावलं तरी अक्षर १० ते १२ इंचांच्या खाली चालत नाही.

समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ला नागपूर ते शिर्डी खुला झाला आणि कारंज्यावरून जाणाऱ्या जुन्या नागपूर–संभाजीनगर रस्त्यावरची लांब पल्ल्याची बरीच वाहतूक तिकडे वळली. जुन्या रस्त्यावर जे ढाबे टिकून आहेत त्यांना येणारी प्रत्येक गाडी महत्त्वाची. अशा वेळी १२ इंचांच्या जागी चार इंचांचं नाव आणि उरलेल्या जागेत थाळीचे सहा फोटो, हा हिशेब परवडणारा नाही.

देवनागरीत अक्षराची उंची मोजताना शिरोरेषेपासून खालपर्यंतचं मुख्य अंग मोजा. वेलांटी, मात्रा, रफार वर जातात, उकार आणि ऋकार खाली उतरतात. "कृष्णाई" लिहायचं तर १२ इंचांच्या अंगाला वर-खाली मिळून आणखी आठ-दहा इंच लागतात. म्हणजे ३ फुटांच्या बोर्डावर एक ठसठशीत नाव आणि त्याखाली एक बारीक ओळ, एवढंच मावतं. बियाणे, खते, कीटकनाशके, फवारणी पंप, ठिबक, ताडपत्री ही यादी पेटत्या बोर्डावर नको. ती शटरच्या बाजूला साध्या फ्लेक्सवर लावा. ती वाचायला गिऱ्हाईक दारात आलेलंच असतं.

ध आणि घ

उजेड अक्षरांशी दोन खेळ करतो. गडद पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर पेटलं की ते फुगतं, आजूबाजूच्या काळ्या जागेवर उजेड सांडतो. आणि उजळ पार्श्वभूमीवर गडद अक्षर असेल तर ते बारीक होतं, कडांकडून उजेड त्याला खातो.

रोमन अक्षरांना याचा फारसा फटका बसत नाही. देवनागरीला बसतो. गावाचंच नाव घ्या. ध आणि घ यांच्यातला फरक म्हणजे शिरोरेषेतली एक छोटी फट. गडद निळ्यावर पांढऱ्या, जाडजूड अक्षरात "धनज" लिहा आणि मागून भरपूर उजेड सोडा, ती फट १०० फुटांवरून भरून निघते आणि पाटीवर "घनज" वाचायला मिळतं. भ आणि म यांचंही तेच. ष चा पोटातला तिरपा दांडा उजेडात विरला की प उरतो. उलट, पिवळ्यावर काळ्या अक्षरांत बारीक-जाड फटकाऱ्यांचा कलाकुसरीचा फॉन्ट घेतला तर बारीक फटकारे रात्री गायब होतात आणि "श्री" मधला "श्र" ओळखू येत नाही. लग्नपत्रिकेचा फॉन्ट बोर्डावर आणू नये तो यासाठी.

यावर उपाय म्हणजे मध्यम जाडीचा, पोटात मोकळी जागा असलेला, सगळीकडे सारख्या जाडीच्या रेषांचा फॉन्ट. एक टाइप या संस्थेचा "मुक्ता" मोफत मिळतो आणि या कामाला चांगला आहे. पांढरी अक्षरं गडद पार्श्वभूमीवर हवीच असतील तर "मुक्ता"चीच एक पायरी कमी जाडी घ्या, आणि ध, भ असलेल्या शब्दांत डिझायनरला ती फट मुद्दाम थोडी रुंद करायला सांगा. त्याला हे काम दोन मिनिटांचं आहे. कोणी सांगत नाही म्हणून तो करत नाही. अक्षरांमधलं अंतर वाढवताना शिरोरेषा मधेच तुटणार नाही याकडेही लक्ष ठेवा. इंग्रजीच्या सवयीने अंतर वाढवलेली आणि मग डब्यांच्या रांगेसारखी तुटक दिसणारी मराठी नावं आपल्याकडे कमी नाहीत.

फाईल देताना एक जुनी डोकेदुखी आहे. डिझाईन श्री-लिपीत केलेलं असतं, छपाईच्या ठिकाणी ती नसते, आणि उघडल्यावर अक्षरांची खिचडी होते. युनिकोड फॉन्ट वापरला आणि तिथे कोरलड्रॉची जुनी आवृत्ती असली, तरी जोडाक्षरं फुटतात, वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. म्हणून फाईल पाठवण्याआधी सगळी अक्षरं कर्व्हमध्ये बदलून घ्या आणि सोबत एक जेपीजी द्या, म्हणजे कसं दिसायला हवं ते समोरच्याकडे राहतं. "शेतकऱ्यांसाठी" मधला ऱ्या छपाईआधी स्वतःच्या डोळ्याने पाहा. तो बिघडायला फार उत्सुक असतो.

आणि कायदा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही नामफलक मराठीत, देवनागरी लिपीत लावावा लागतो. दुसरी भाषा घालता येते, पण मराठी आधी यायला हवी आणि तिचं अक्षर दुसऱ्या लिपीच्या अक्षरापेक्षा लहान चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती, ती त्याच वर्षी नोव्हेंबरात संपली. नवा बोर्ड करताना हे डिझाईनमध्येच बसवा, नंतर चिकटपट्टी लावून बसवलेलं मराठी रात्री काळा ठिपका होऊन दिसतं.

पेटी आणि दिवे

एलईडी मॉड्यूल म्हणजे तीन छोट्या दिव्यांची, १२ व्होल्टवर चालणारी पट्टी. प्रत्येक मॉड्यूलचा उजेड पसरत पुढे जातो आणि फ्लेक्सवर पोचेपर्यंत शेजारच्या उजेडात मिसळायला हवा. मिसळला नाही तर बोर्डावर गोल ठिपके दिसतात. यासाठी लक्षात ठेवायचा नियम एकच: दोन मॉड्यूलमधलं अंतर पेटीच्या खोलीपेक्षा जास्त नको. सहा इंच खोल पेटीत सहा इंचांवर मॉड्यूल, चार इंच खोल पेटीत चार इंचांवर. पत्रा वाचवायला पेटी उथळ केली तर मॉड्यूल वाढतात आणि खर्च तिथेच येतो. कडेची रांग भिंतीपासून निम्म्या अंतरावर, म्हणजे तीन इंचांवर ठेवा, नाहीतर चौकटीला काळी किनार येते.

आपल्या १० बाय ३ फुटांच्या, सहा इंच खोल पेटीत आडव्या २० आणि उभ्या ६ अशी १२० मॉड्यूल बसतात. बाजारात ०.७२ वॉट, १.२ वॉट, १.५ वॉट अशी मॉड्यूल मिळतात. १.२ वॉटची घेतली तर १४४ वॉट होतात. वीज पुरवणारा एसएमपीएस त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच चालवायचा असतो, म्हणजे १८० वॉट लागतील, २०० वॉटचा घ्यावा. ०.७२ वॉटची घेतली तर एकूण ८६ वॉट आणि १२० वॉटचा एसएमपीएस पुरतो.

यातली कोणती घ्यावी? दुकानदार नेहमी जास्त वॉटकडे झुकतो, विकणाराही तेच पुढे करतो. माझं मत उलट आहे. अमरावती-अकोल्याच्या बाजारपेठेत शेजारी वीस बोर्ड, रस्त्याचे दिवे, गाड्यांचे हेडलाईट असतात, तिथे १.२ वॉटचा बोर्ड उठून दिसतो. गावाबाहेरच्या अंधाऱ्या रस्त्यावर डोळा अंधाराला सरावलेला असतो. तोच बोर्ड तिथे डोळ्यात खुपतो, अक्षरं उजेडात वितळतात आणि चालक वाचण्याऐवजी नजर वळवतो. धनजच्या रस्त्यावर ०.७२ वॉट भरपूर आहे. मोठी मॉड्यूल घेतलीच असतील तर मधे एक डिमर टाका आणि पहिल्याच रात्री ३०० फुटांवर उभं राहून उजेड कमी-जास्त करून पाहा. विजेचाही हिशेब आहे: ८६ वॉटचा बोर्ड, एसएमपीएसमधली घट धरून शंभरेक वॉट, रोज पाच तास पेटला तर अर्धा युनिट, महिन्याला पंधरा. त्यासोबत एक टायमर लावा. ढाबा रात्रभर चालतो म्हणून त्याचा बोर्ड रात्रभर ठीक, पण साडेनऊला शटर पाडलेल्या मेडिकलचा बोर्ड पहाटेपर्यंत जळत ठेवून काही विकलं जात नाही.

मॉड्यूल २० च्या माळेत येतात. वायर वाचवण्यासाठी फिटर एका माळेला दुसरी, दुसरीला तिसरी जोडत जातो आणि शेवटची मॉड्यूल मंद पेटतात, कारण १२ व्होल्टच्या लांब वायरीत दाब पडत जातो. प्रत्येक माळेला एसएमपीएसपासून वेगळी वायर ओढायला सांगा. दुसरी, याहून मोठी चूक म्हणजे एसएमपीएस दुकानात आत काउंटरखाली ठेवणे. १४४ वॉटच्या बोर्डाला १२ अँपिअर लागतात. १० मीटर लांब, दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीतून तेवढा प्रवाह नेला तर १२ व्होल्टातले जवळजवळ ३ व्होल्ट वायरीतच जातात. मग बोर्ड मंद का, म्हणून आणखी मॉड्यूल टाकली जातात आणि दाब आणखी पडतो. २३० व्होल्टची वायर बोर्डापर्यंत न्या, एसएमपीएस पेटीच्या मागे किंवा बाजूला छोट्या झाकणबंद डब्यात ठेवा. शेवटच्या मॉड्यूलवर मल्टिमीटर लावून साडेअकरा व्होल्ट दिसले म्हणजे काम बरोबर झालं.

एसएमपीएस पेटीच्या आत नको, याचं कारण आपला उन्हाळा. मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असताना बंद पत्र्याच्या पेटीत त्याहून कितीतरी जास्त तापतं, आणि एसएमपीएस उष्णतेनेच मरतो. गावात दाब खाली-वर होतो, म्हणून घेताना त्याच्यावर छापलेली इनपुट व्होल्टेजची मर्यादा वाचा. १७० पर्यंत उतरलं तरी चालेल असा घ्या.

पेटीला हवा लागते, म्हणजे भोकं लागतात, आणि भोकं म्हणजे पाखरं. खरीपात पहिल्या पावसानंतर उजेडावर किडे झुंडीने येतात. ते पेटीत शिरतात, मरतात, आणि तळाला साचून फ्लेक्सच्या खालच्या कडेला काळी झालर दिसू लागते. भोकं बाजूंना आणि तळाला ठेवा, आतून बारीक स्टीलची जाळी लावा. तळाची दोन भोकं पाणी उतरायलाही हवीत. वरच्या बाजूला एकही भोक नको. आणि फ्लेक्स एका बाजूने सोडवता येईल असा स्क्रू-पट्टीवर बसवा, रिव्हेट ठोकून कायमचा बंद करू नका, दिवाळीआधी एकदा पेटी झाडता यायला हवी.

आतला पत्रा पांढऱ्या, चमक नसलेल्या रंगाने रंगवा. चंदेरी पत्रा जास्त उजेड फेकेल असं वाटतं, पण तो ठिपके फेकतो, पांढरा रंग उजेड पसरवतो. आधाराचा पाईप मागच्या बाजूला हवा. दिव्यांच्या पुढून गेलेल्या पाईपची सावली अक्षरावर उभी रेघ ओढते, आणि ती एकदा दिसली की बोर्ड पुन्हा खोलण्यावाचून इलाज नसतो. सगळी मॉड्यूल एकाच लॉटची घ्या, चार-पाच जास्तीची घेऊन ठेवा. वर्षभराने दुसरीकडून आणलेलं मॉड्यूल पांढऱ्याऐवजी निळसर पेटतं आणि तेवढाच चौकोन उठून दिसतो.

छपाई

साधा फ्लेक्स दिवसा पाहतो तेव्हा सूर्याचा उजेड शाईतून आत जातो, मागच्या पांढऱ्या थरावर आपटतो आणि पुन्हा शाईतूनच बाहेर येतो. उजेड शाईतून दोनदा जातो. मागून पेटवलेल्या, म्हणजे बॅकलिट बोर्डात तो एकदाच जातो. त्यामुळे कागदावर किंवा साध्या फ्लेक्सवर छान दिसणारी तीच फाईल, तेवढीच शाई, बॅकलिटवर धुतल्यासारखी दिसते. फिकट चेहऱ्याचं रहस्य हेच. बॅकलिटला शाई दुप्पट हवी, म्हणजे मशीनवर बॅकलिटची वेगळी सेटिंग, डबल डेन्सिटी. ती लावली की मशीन जास्त फेऱ्यांत (पासमध्ये) सावकाश चालतं, शाई जास्त जाते, म्हणून दर जास्त. कमी दरात "बॅकलिट" छापून देणारा बहुधा बॅकलिटच्या कापडावर साधी छपाई करतो. ऑर्डर देताना "बॅकलिट फ्लेक्स, डबल डेन्सिटी, जास्त पासवर" असं बिलावर लिहून घ्या.

कापड ओळखणं सोपं आहे. मोबाईलचा टॉर्च मागे धरा. साध्या फ्रंटलिट फ्लेक्समध्ये विणीची जाळी आणि सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतात. मागे काळा थर असलेल्या ब्लॅकआउटमधून काहीच येत नाही. खऱ्या बॅकलिटमध्ये टॉर्चचा गोळा दुधाळ होऊन पसरतो. हात लावला तरी तो जाड आणि मऊ लागतो.

डबल डेन्सिटीला एक किंमत मोजावी लागते, दिवसा तो बोर्ड गडद दिसतो. मरून, गर्द निळा, गर्द हिरवा हे रंग दिवसा काळपट आणि रात्री काळेच. म्हणून बोर्डाचा मोठा भाग पिवळा, पांढरा, केशरी किंवा फिकट हिरवा ठेवा, गडद रंग अक्षरांपुरते. नुसती काळी शाई उजेडात तपकिरी-करडी पडते. काळ्यात इतर रंग मिसळायला सांगा: निळा ६०, किरमिजी ४०, पिवळा ४०, काळा १०० हे मिश्रण चालतं. शाई अतिच झाली तर वाळत नाही, तेव्हा मशीनवाल्याने आकडे थोडे खाली आणले तर त्याच्याशी वाद घालू नका, त्याला त्याच्या मशीनची नाडी माहीत असते. मशीनचा एखादा नोझल बंद असेल तर आडव्या पट्ट्या येतात. दिवसा दिसत नाहीत, दिवे लागले की नांगरटीसारख्या दिसतात.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की तो दाबला जातो. १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३ फूट रुंद छापला तर इंचाला ४४ पिक्सेल पडतात. हे लांबून चालून जाईल, पण दाबल्यामुळे पडलेले चौकोन उजेडात चेहऱ्यावर उमटतात. फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि जमलं तर फोटो नकोच. आपल्या भागात बोर्डावर मालकाचा, मालकाच्या वडिलांचा आणि एखाद्या पुढाऱ्याचा फोटो असल्याशिवाय बोर्ड पुरा झाल्यासारखं वाटत नाही, याची कल्पना आहे. तरी ३०० फुटांवरून माणूस ओळखू येत नाही, एवढंच सांगतो.

पूर्ण बोर्ड छापण्याआधी एक फूट रुंद नमुना मागा. त्यात नावाचं एक अक्षर, फोटोचा एक तुकडा आणि बोर्डाचे सगळे रंग हवेत. तो रात्री एलईडी पॅनलसमोर धरून पाहा. मोठ्या गावातला छपाईवाला कुरकुर करेल, थोडे जास्त पैसे देऊन मागा. दिवसा काउंटरवर पसरून मंजूर केलेला बॅकलिट म्हणजे मीठ न चाखता वाढलेली भाजी.

मशीनवर १० फूट रुंदीपर्यंतचा रोल चढतो, त्यामुळे ३ फूट उंचीच्या बोर्डाला जोड लागायचं काहीच कारण नाही. उरलेले तुकडे खपवायला कोणी जोड देत असेल तर नाही म्हणा. जोडावर कापड दुहेरी होतं आणि रात्री तिथे काळी पट्टी दिसते. छापल्यावर फ्लेक्स निदान एक रात्र उघडा वाळू द्या. ओल्या शाईचा गुंडाळलेला फ्लेक्स छापलेली बाजू पाठीला चिकटून डाग धरतो.

मग तो गावी आणायचा. इथे निम्मे बोर्ड बिघडतात. शहरातून परत येताना फ्लेक्स चौकोनी घडी घालून मोटारसायकलच्या कॅरिअरला दोरीने आवळला जातो. घडीवर शाईला तडा जातो आणि दिवे लागले की बोर्डावर पांढऱ्या रेघांचं अधिक चिन्ह उमटतं. कितीही ताणलं तरी ते जात नाही. छपाईवाल्याकडून रिकाम्या रोलची पुठ्ठ्याची नळी मागून घ्या, छापलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळा आणि एसटीत आडवा ठेवून आणा.

चढवताना

फ्लेक्स ऊन पडल्यावर बसवा. गार सकाळी ताणून बसवलेला फ्लेक्स दुपारी सैल पडून झोळ येतो. कोमट झालेलं कापड ताणलं की रात्री ते आणखी घट्ट बसतं. मधून सुरू करून कडांकडे जा, समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने ताणा.

वाऱ्याचा हिशेब कोणी करत नाही. ताशी १४० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ९० किलो पडतो. आपला ३० चौरस फुटांचा बोर्ड तेव्हा जवळजवळ अडीचशे किलोच्या धक्क्याने भिंतीला ओढत असतो. मे-जूनच्या वादळात चार लाकडी गुट्ट्यांवरचे स्क्रू हे झेलत नाहीत. विटांच्या भिंतीत आरपार बोल्ट आणि मागून पत्र्याची पट्टी, किंवा काँक्रीटच्या तुळईत अँकर बोल्ट, दुसरा पर्याय नाही. १३ मे २०२४ला मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. ते १२० बाय १२० फुटांचं होतं आणि आपल्या बोर्डाशी त्याची तुलना होत नाही, पण वारा दोन्हीला तोच.

पेटीच्या लोखंडाला अर्थिंगची वायर आणि बोर्डाच्या लाईनला वीज गळताच लाईन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. पावसात भिजलेल्या पेटीला शटर उघडणाऱ्याचा हात लागतो. बोर्ड स्वतःच्या भिंतीवर न लावता रस्त्याकडेला खांबावर उभा करायचा असेल तर ग्रामपंचायतीला आणि रस्ता ज्या खात्याचा आहे त्या खात्याला आधी लेखी विचारा. रस्त्याच्या हद्दीतला खांब काढायला लावला तर पाया, खांब आणि बोर्ड तिन्हीचे पैसे जातात.

पहिल्या रात्री मोबाईलने बोर्डाचा फोटो काढा आणि काढताना उजेडाची पट्टी खाली ओढा. डोळ्याला न दिसणारे ठिपके, मंद कोपरे आणि पाईपची सावली त्या काळपट फोटोत स्पष्ट दिसतात. तो फोटो दाखवून फिटरशी बोला, बाकीचे पैसे त्यानंतर द्या. बोर्ड पुसायला ओलं फडकं आणि साबणाचं पाणी पुरतं. थिनर किंवा पेट्रोल लावलं की शाई फडक्याला येते.

उन्हात फ्लेक्स काही वर्षांत फिकट पडणारच, पेटी आणि दिवे मात्र त्याहून जास्त टिकतात. म्हणून कर्व्ह केलेली फाईल स्वतःकडे जपून ठेवा. पेटीच्या आतल्या पत्र्यावर मार्करने लिहून ठेवा: चौकटीचं आतलं माप, मॉड्यूलचे वॉट आणि संख्या, एसएमपीएसचे वॉट, बसवल्याची तारीख. उतरवलेला जुना फ्लेक्स फेकू नका, सोयाबीनच्या कुटारावर टाकायला तो आणखी दोन पावसाळे चालतो.